धूर वेगळा, पुडी वेगळी

पत्र

ताई,

गेली तीन वर्षं आम्ही जोहान्सबर्गला आहोत. नवरा आयटीत. मी ३३ वर्षांची. दीड वर्षात दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा नवव्या-दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. दुसऱ्या खेपेनंतर झोपच उडाली.

आमच्याकडे कामाला एक झुलू बाई येतात. इकडे वयस्क बायकांना ‘मामा’ म्हणतात, तसं मीही म्हणते. मी दवाखान्यातून घरी आले त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं आणि खापराच्या तुकड्यावर कसल्याशा वाळक्या काड्या पेटवून खोलीभर धूर केला. धुराकडे बघत त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलत होत्या. त्या रात्री मी सलग सात तास झोपले.

हे एका ओळखीच्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी एका ‘एनर्जी हीलर’चा नंबर दिला. सगळं फोनवरच. त्यानं माझा फोटो, जन्मतारीख, नवऱ्याचा हुद्दा विचारला. म्हणाला, गर्भाशयाभोवती काळी ऊर्जा आहे, घरात येणाऱ्या एका बाईनं हे केलंय. कुरिअरनं चार पुड्या आल्या. एक आंघोळीच्या पाण्यात टाकायची. एक जाळायची. तिसरी सात दिवस रोज सकाळी दोन लिटर कोमट पाण्यात कालवून प्यायची आणि ओकून टाकायची. चौथी दिवस राहिले की सुरू करायची. थायरॉइडच्या गोळीनं ऊर्जा अडते म्हणून ती बंद करायला सांगितली. ४,५०० रँड दिले. आता म्हणतो, शुद्धी अर्धवट राहिलीय, आणखी १८,००० लागतील.

तीन दिवस प्यायले. खोटं कशाला सांगू, हलकंही वाटलं. चौथ्या दिवशी पोटात पिळवटून आलं म्हणून थांबले. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही, सांगायचं नाही अशी अटच आहे. सासूबाई सांगलीहून रोज फोन करतात, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या म्हणतात. मला आता मामांच्या हातचा चहाही प्यावासा वाटत नाही.

आफ्रिकन औषधींनी खरंच शुद्धी होते का? राहिलेले चार दिवस पूर्ण करू का?

एक वाचक, जोहान्सबर्ग

उत्तर

तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते, रागावू नकोस.

आधी आजचं काम. हा मजकूर वाचून झाला की डॉक्टरांकडे जा आणि यकृत, मूत्रपिंड, साखर, थायरॉइड या चारही गोष्टींचं रक्त तपासून घे. तीन दिवस कसली तरी भुकटी पोटात गेली आणि चौथ्या दिवशी पोट पिळवटलं, एवढं सांगितलंस की पुरे. कोणी हसणार नाही. तिकडच्या डॉक्टरांना ही गोष्ट आठवड्यातून कितीदा तरी ऐकावी लागते. तिसरी आणि चौथी पुडी फेकू नकोस. झाकणाच्या बरणीत घाल, वर तारीख लिही आणि सोबत ने. लघवी कमी झाली, डोळे पिवळसर दिसले, ओकाऱ्या थांबेनाशा झाल्या किंवा घाम फुटून गरगरायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. केपटाऊनहून चालणारी विषबाधेची हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, तुझे डॉक्टरही तिथे विचारू शकतात.

थायरॉइडची गोळी उद्या सकाळपासून पुन्हा सुरू कर. तिच्याबद्दल एक गोष्ट समजून घे. हे औषध अंगातून फार सावकाश उतरतं, निम्मं उतरायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळे आज गोळी बंद केली तर उद्या काही होत नाही, परवाही होत नाही, आणि माणसाला वाटतं, बघा, गोळीची गरजच नव्हती. खरा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो. थायरॉइड कमी पडलेलं असताना दिवस राहिले तर गर्भपाताचा धोका वाढतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तू या माणसाकडे गेलीस, नेमकी तिच्याच मुळावर त्यानं कुऱ्हाड मारली. आणि गोळी बंद केली नसतीस तरी फरक पडला नसता. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि मागोमाग दोन लिटर पाणी पिऊन ओकारी, म्हणजे गोळी बेसिनमध्येच.

आता निवांत बोलू.

मी अकरा वर्षं डर्बनला होते. शिक्षण फार्मसीचं, पण तिथे एका औषधाच्या दुकानात स्टॉक आणि हिशेब सांभाळायचे. घरी येणाऱ्या बाईंना ‘मामा’ म्हणायला माझी जीभ महिनाभर वळली नाही. डोळ्यांपुढे आमचा साताऱ्याचा मामाच यायचा, मिशांसकट. दुकानापासून चालत वीस मिनिटांवर वॉरविक जंक्शन. तिथे कधीकाळी फ्लायओव्हरचे दोन तुकडे बांधायला घेतले आणि अर्धवटच सोडून दिले. नव्वदच्या दशकात महापालिकेनं त्या हवेत लोंबकळणाऱ्या रस्त्यांवर वनौषधी विकणाऱ्यांना जागा करून दिली. खाली टॅक्स्यांचा कलकलाट आणि वर सालींचे ढीग, मुळ्यांच्या जुड्या, कांद्याएवढे कंद, माकडाची कवटी, आणि सगळ्यावर एक उग्र ओला वास. बहुतेक विक्रेत्या बायका. बाजूलाच व्हिक्टोरिया स्ट्रीटचा मसाल्यांचा बाजार, तिथे सासूच्या नावानं विकल्या जाणाऱ्या तिखट मसाल्याचे लाल डोंगर. डर्बनच्या भारतीय वंशाच्या लोकांच्या दुकानांतून मुथी, म्हणजे झाडपाल्याचं औषध, कित्येक पिढ्या विकलं जातंय. तेव्हा हा सगळा प्रकार आपल्याला अगदी परका आहे असं मानू नकोस.

मामांनी जाळल्या त्या काड्यांचं नाव बहुधा इम्पेफो. करड्या-हिरव्या लवदार पानांचं झुडूप, वर बारीक पिवळी फुलं. शेवंतीच्या कुळातलं. मी पहिली जुडी घेतली ती वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाली आणि विकणाऱ्या आजीनं विचारलं, “कोणासाठी?” मला वाटलं, किती घराण्यांसाठी, किती जणांसाठी असं काही असेल. मी म्हटलं, माझ्यासाठीच. ती हसली आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. मग तीही हसली. नंतर घरच्या मामांनी उलगडून सांगितलं. इम्पेफो स्वतःसाठी जाळतच नाहीत. तो धूर अमाद्लोझींसाठी असतो, म्हणजे घराण्यातल्या गेलेल्या माणसांसाठी. घराच्या मागच्या भिंतीशी त्यांची जागा असते, उम्सामो. आपला देवघराचा कोनाडाच म्हण. तिथे खापराच्या तुकड्यावर इम्पेफो पेटवायचा, कुळाची नावं घ्यायची आणि जे सांगायचं ते मोठ्यानं सांगायचं. लेक परीक्षेला बसलीय, नोकरी गेलीय, घरात मूल आलंय, मूल गेलंय.

त्या संध्याकाळी तुझ्या खोलीत काय झालं असेल, याचा माझा अंदाज हा असा. तुझ्या पोटातलं गेलं, ही बातमी मामांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घातली. तुझ्यासाठी कोणीतरी कोणाला तरी मोठ्यानं सांगितलं की या घरात एक जीव येणार होता, तो आला नाही. आपल्याकडे धर्मशास्त्रात गर्भस्रावाचंही अशौच सांगितलेलं आहे, पण घरात कोण पाळतं? “अजून काही आकार आला नव्हता, मनाला लावून घेऊ नको” म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी डब्याला काय द्यायचं ते विचारतात. तुझ्या त्या बाळासाठी कोणी पाट मांडला नाही की दिवा लावला नाही. तो मामांनी लावला. तू सात तास झोपलीस, याचं मला नवल वाटत नाही.

त्या धुरात औषधी गुण आहेत का, असं तू विचारशील. वनस्पतीत सुगंधी तेलं आहेत, लोक सर्दी-खोकल्यालाही तिचा काढा घेतात. पण मी झोपेचं श्रेय त्या तेलांना देणार नाही. कडुनिंबाची पानं चावून स्मशानातून घरात येणारा माणूस जंतू मारायला पानं चावत नसतो. झुलू घरांतही दफनाहून परतल्यावर दारात पाण्याची बादली असते, हात धुतल्याशिवाय कोणी आत येत नाही. मृत्यूनंतर घरावर जो अंधार येतो त्याला ते उम्न्यामा म्हणतात. तो धुवायचा, आणि मग जेवायला बसायचं. या अर्थानं शुद्धी होते का? होते. मी डोळ्यांनी पाहिलीय, आपल्याकडेही आणि तिकडेही.

पण त्या शुद्धीत कुठेही ‘ऊर्जा’ नव्हती बघ. माझ्या अकरा वर्षांत एकाही गावाकडच्या सांगोमाच्या, म्हणजे पूर्वजांना विचारून निदान करणाऱ्या वैदूच्या, तोंडून मी हा शब्द ऐकला नाही. त्यांचे शब्द वेगळे असतात, श्वास आणि आत्मा या दोन्हींसाठी उमोया, माणसाच्या सावलीसाठी आणि प्रतिष्ठेसाठी इसिथुन्झी. काळी ऊर्जा, ब्लॉकेज, गर्भाशयाभोवतीचं वलय ही भाषा आली पाश्चात्त्य योगवर्गांतून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून, आणि तिच्या डोक्यावर आफ्रिकन टोपी चढवली गेली. तुझ्या हीलरचं गिऱ्हाईक झुलू नाहीच. ते तू आहेस. परदेशी, एकटी, पगार रँडमध्ये आणि दुःख मराठीत.

सांगोमा होणं सोपं नसतं. ज्याला पूर्वजांची हाक येते, तो आधी आजारी पडतो, स्वप्नं पडतात, मग तो गुरूच्या घरी राहायला जातो. त्या काळाला थ्वासा म्हणतात. कधी काही महिने, कधी काही वर्षं. अंगाला पांढरी माती, पहाटे उठणं, नाचणं, वनस्पती ओळखणं, गुरूच्या घरचं पडेल ते काम. इन्यांगा हा वेगळा, तो मुख्यतः झाडपाल्याचा जाणकार. डर्बन ज्या नाताळ वसाहतीत होतं तिथल्या ब्रिटिशांनी १८९१च्या संहितेत इन्यांगांना परवाने दिले होते आणि लोकशाही सरकारनं २००७ साली पारंपरिक वैद्यांसाठी कायदा केला. जुन्या पद्धतीत तू सांगोमापुढे बसलीस की तू काही सांगायचं नसतं, सांगायचं तिनं. ती एकेक गोष्ट म्हणते आणि बरोबरचे लोक “सियावूमा”, म्हणजे “आम्हाला मान्य” म्हणत राहतात. त्या होकाराच्या जोरावरून, चढउतारावरून ती पुढे सरकते. यातही माणूस वाचण्याचं कसब आहे, हे मी नाकारत नाही. पण निदान कसब तरी आहे. तुझ्या माणसानं फोनवर काय केलं? फोटो, जन्मतारीख आणि नवऱ्याचा हुद्दा विचारला. शेवटचा प्रश्न कशासाठी होता, हे तुला १८,००० रँडचा आकडा ऐकल्यावर कळायला हवं होतं. तिकडे विजेच्या खांबांवर ‘हरवलेला प्रियकर परत आणून देतो’ असे कागद चिकटवलेले तू पाहिले असशील. तोच हा धंदा, फक्त कागद सोडून कुरिअरवर आलाय.

आणि खरी सांगोमा तुला कदाचित पहिल्याच बैठकीत विचारेल, तुझं कुळ कुठलं, तुझे पूर्वज कुठे पुरलेत किंवा जाळलेत, त्यांच्याशी तू कधी बोललीस? झुलू माणूस ओळख देताना इझिथाकाझेलो म्हणतो, कुळाची बिरुदं. आपण लग्नात देवक बसवतो, कुणाचा कळंब, कुणाचा वड. झाडावरून कूळ ओळखणारे आपणही आहोत. मग दुसऱ्याच्या पूर्वजांचा धूर आपल्याला पुडीतून कसा लागू पडेल, हा प्रश्न तुला पडला नाही का? मामा स्वतः तुझ्यासाठी बोलल्या ती गोष्ट वेगळी. तिथे नातं होतं.

आता त्या तिसऱ्या पुडीबद्दल. पिऊन ओकण्याला झुलूत उकुफालाझा म्हणतात. पद्धत अस्सल आहे. तुझ्या हीलरनं ती आकाशातून आणलेली नाही, सुट्टीच्या सकाळी अंगणात बादली घेऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत. ओकून झाल्यावर हलकं वाटतंच. आपल्याकडे वमन करतात त्यांनाही वाटतं. उपाशी पोट, कोमट पाणी, रडल्यासारखी ओकारी, मग अंग गाळून जाऊन झोप. पण पद्धत अस्सल असली म्हणून पुडी अस्सल ठरत नाही. भुकटी झाली की झाड ओळखता येत नाही, मला नाही, तुला नाही, आणि कुरिअरवाल्यालाही नाही.

एक नाव सांगते. इम्पिला. झुलूत याचा अर्थ आरोग्य. डेझीसारखं दिसणारं साधं झाड, मुळी औषधी म्हणून बाजारात. सत्तरच्या दशकात डर्बनच्या रुग्णालयांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की ओकाऱ्या, बेशुद्धी, घसरलेली साखर आणि सडत चाललेलं यकृत घेऊन येणाऱ्या बऱ्याच मुलांना आणि बायकांना घरी ही मुळी दिली होती. कित्येक दगावले. तिच्यात ॲट्रॅक्टिलोसाइड नावाचं विष असतं. पेशीच्या आत जिथे ऊर्जा तयार होते, तिथून ती बाहेर पडायचं दारच ते बंद करतं. ऊर्जेच्या नावानं विकणाऱ्यांना हा विनोद कळत असेल असं वाटत नाही. तुझ्या पुडीत इम्पिलाच आहे असं मी म्हणत नाही. काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही, एवढंच म्हणते. दक्षिण आफ्रिकेत अशा औषधांत पोटॅशियम डायक्रोमेटसुद्धा सापडलंय, कातडी कमावायचं नारिंगी रसायन, त्यानं मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं दवाखान्यात आलीत. शिवाय भेसळीला कारणही आहे. ज्या साली आणि मुळ्यांना मागणी आहे त्या रानात उरल्याच नाहीत. इसिभाहा नावाच्या झाडाची साल ओरबाडून ओरबाडून झाडं मेली. तिकडचं रानआलं डर्बनच्या क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या रानातून जवळपास नाहीसं झालं. २००७च्या एका मोठ्या पाहणीत या धंद्याची उलाढाल वर्षाला २.९ अब्ज रँड आणि औषधं घेणारे २.७ कोटी लोक असा हिशेब निघाला होता. एवढी मागणी आणि एवढं कमी रान, मग पुडीत काय भरणार?

चौथी पुडी मला सगळ्यात जास्त टोचते. गरोदर बाईला द्यायच्या काढ्याला तिकडे इसिह्लाम्बेझो म्हणतात. परंपरेत तो बाळंतपण जवळ आल्यावर, कळा नीट याव्यात म्हणून घेतात. त्यात पडणाऱ्या काही वनस्पती गर्भाशय आकुंचन पावायला लावतात. काही जणी तिथल्या सुईणीच्या देखरेखीखाली शेवटच्या महिन्यांत घेतात, त्यातही बाळ गुदमरल्याच्या तक्रारी आहेत. आणि हा माणूस दोनदा गर्भ गेलेल्या बाईला ‘दिवस राहिले की सुरू कर’ म्हणतो. ती पुडी चाखूसुद्धा नकोस, बरणीतच राहू दे.

परंपरेचा आणि सत्तेचा घोळ झाला की काय होतं, ते त्या देशानं भोगलंय. एचआयव्हीच्या साथीत तिथल्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री मँटो शबालाला-मसिमांग लसूण, बीट, लिंबू आणि ‘आफ्रिकन बटाटा’ नावाच्या रानकंदाचे गुण गात होत्या आणि गोळ्या लोकांपर्यंत पोचायला उशीर होत होता. २००८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी त्या उशिराची किंमत ३ लाख ३० हजारांहून जास्त जीव अशी काढली. मला बिटाचा राग नाही. बीट हातात देऊन गोळी काढून घेणाऱ्याचा आहे. तुझ्या बाबतीत नेमकं तेच झालं.

आपण फार शहाणे आहोत अशा समजात मी हे लिहीत नाही. माझ्या सख्ख्या मावशीला संधिवातावर एका वैद्यांनी भस्माच्या पुड्या दिल्या होत्या. दोन वर्षं घेतल्या. पोटदुखी, रक्त कमी, हिरड्यांवर निळसर रेघ. शेवटी रक्तात शिसं निघालं. ती पुडीही वर्तमानपत्राच्या कागदातच यायची आणि नाव विचारलं की वैद्य म्हणायचे, घराण्याचं गुपित आहे.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात वाईट वाक्य मात्र पुड्यांबद्दलचं नाही. मामांच्या हातचा चहा प्यावासा वाटत नाही, हे ते वाक्य. त्यानं ‘घरात येणारी एक बाई’ म्हटलं. बाहेरून तुझ्या घरात कोण येतं? त्याला अंदाज करायला किती कष्ट पडले असतील? जोहान्सबर्गच्या तुझ्यासारख्या घरांत कामाला बाई असतेच. हा बाण आंधळ्यानं मारला तरी लागतो. आणि तो लागला की तुझा एकमेव आधार तुटतो, तू त्याच्यावर आणखी अवलंबून राहतेस. नवऱ्याला सांगू नको, हीही त्याच दोरीची दुसरी गाठ.

‘हिनं केलं’ या वाक्याचं त्या देशातलं वजन तुला माहीत असायला हवं. १९९०च्या आसपास आजच्या लिम्पोपो भागात चेटकीण ठरवून इतक्या लोकांना मारलं, घरं जाळली, की सरकारला १९९५ साली रालुशाई आयोग नेमावा लागला. मारल्या गेलेल्यांत म्हाताऱ्या बायका खूप होत्या. एखाद्यावर चेटूक केल्याचा आरोप करणं हाच तिकडे १९५७च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपल्याकडेही, दाभोलकरांचा खून झाल्यावर का होईना, २०१३ साली जो कायदा आला त्यात एखाद्याला करणी केल्याचं ठरवून छळणं हा गुन्हा आहे. मामांना तुझ्या मनातलं कळलं तर त्या कामच सोडतील, आणि का सोडलं ते कधी सांगणार नाहीत.

तेव्हा त्यांच्या हातचा चहा पी. माफी मागायची असली तर मनातच माग, त्यांच्या डोक्यावर ते ओझं घालू नकोस.

नवऱ्याला आज रात्री सांग. पैशांपासून सुरुवात करू नकोस, पोटदुखीपासून कर. तो चिडेल, बहुधा पैशांवरूनच, कारण पुरुषांना घाबरलं की हिशेब आठवतो. चिडू दे. मग त्याला विचार, तुला त्या दोघांची आठवण येते का. दोनदा त्याचंही मूल गेलंय आणि त्याच्यासाठी तर कोणी धूरही केला नाही.

हीलरला एकही रँड पाठवू नकोस, भांडूही नकोस. त्याचे मेसेज जपून ठेव आणि नंबर ब्लॉक कर. तो घाबरवेल, शुद्धी अर्धी सोडली तर उलटते वगैरे. त्याच्याकडे विकायला आता तेवढंच उरलंय.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळी वेळ घे. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. त्यात तुझी चूक नाही आणि कोणाची नजरही नाही. तरी दोनदा झालं आहे, म्हणजे तपासण्या मागायचा तुझा हक्क आहे. थायरॉइड, रक्त गोठण्याशी संबंधित अँटिफॉस्फोलिपिड प्रतिद्रव्यं, गर्भाशयाच्या आकाराची सोनोग्राफी. यातल्या काहींवर साधे उपचार आहेत. फॉलिक ॲसिड सुरू आहे ना, तेही विचार.

सासूबाईंचं काय? नारायण नागबळीला माझी ना नाही आणि हो नाही. सुट्टीत गावी आलात आणि दोघांनाही मनापासून वाटलं तर करा. पण त्यांना हे जरूर विचार की त्यांचं स्वतःचं असं कधी काही गेलं होतं का. मी पैजेवर सांगते, सांगलीच्या त्या फोनमागे एखादी गोष्ट आहे. त्या पिढीतल्या बायकांनी ती कोणाला सांगितलेली नसते.

आंघोळीच्या आणि जाळायच्या पुड्याही त्या बरणीबरोबर दे, धुराच्या नावाखाली काय जळेल ते सांगता येत नाही. धूर हवासा वाटला तर मामांना सांग, त्या स्वतः इम्पेफोची जुडी आणून देतील. तुमच्या जोहान्सबर्गच्या फॅराडे बाजारात मिळते, किंमत त्यांनाच ठरवू दे. तिकडे आपल्या दवण्याची चुलतबहीणही मिळते, उम्ह्लोन्याने म्हणतात. वास घेतलास तर चैत्रातला जोतिबा आठवेल. ती पाण्यात उकळून नुसतं हुंगायला हरकत नाही. पण प्यायची नाही, दिवस राहायची वाट बघत असताना तर नाहीच.

आणि या वेळी मामा बोलायला लागल्या की त्यांना विचार, मीही दोन शब्द बोलू का. झुलू येत नसलं तर मराठीत बोल. धुराच्या आधी खिडकी उघडी ठेव आणि छतावरच्या अलार्मचं काय करायचं ते बघ. आमच्या डर्बनच्या फ्लॅटमध्ये पहिल्या खेपेला तो वाजला आणि वॉचमन बादली घेऊन वर आला होता.

रिपोर्ट आले की कळव.

तुझी,
ताई